मीटरवरचे किलोमीटर बघून दिल्लीची गाडी घेऊ नका

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय.

उसाची बिलं जमा व्हायला लागली की आमच्या भागात जुन्या चारचाकीची चौकशी सुरू होते. त्यात दिल्ली पासिंगच्या गाड्यांना जास्त मागणी. पोरं गमतीनं तिला 'इम्पोर्टेड' म्हणतात. खरोखर परदेशातली वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते आणि शुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसतं. ते आपलं काम नव्हे. आपली इम्पोर्टेड म्हणजे डीएल नंबरची.

ती स्वस्त का मिळते हे आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयानं त्यात थोडी ढील दिली, पण तोवर तिकडच्या गाड्या इकडं यायची वाट पडून गेली होती. आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तिथल्या मालकाला अडचण वाटते, म्हणून तो कमी पैशात सोडतो. यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती पुढच्या हातांत.

आपण गाडी बघायला गेलो की पहिला प्रश्न टाकतो, "किती चाललीय?" माझं मत असं, की सगळा घोळ या प्रश्नातच आहे. दीड लाखाच्या वर रीडिंग दिसलं की आपण पाठ फिरवतो आणि सत्तर हजार दिसलं की बयाणा काढतो. एजंटला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. डिजिटल मीटरचा आकडा लॅपटॉप लावून खाली आणायला फार वेळ लागत नाही. म्हणजे खरं रीडिंग दाखवणाऱ्याची गाडी पडून राहते आणि खोटं दाखवणाऱ्याची विकली जाते. असा बाजार आपणच करून ठेवलाय. आणि एजंटला एकट्याला नावं ठेवू नका. विकायच्या आधी वर्षभर मीटरची केबल काढून ठेवलेले ट्रॅक्टर आपल्याच गावात मिळतील.

साधा हिशोब करा. नोएडा-गुडगावला नोकरीला जाणारा माणूस रोज साठ किलोमीटर गाडी चालवतो म्हणा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर अठरा हजार झाले. आठ वर्षांत एक लाख चव्वेचाळीस हजार. टूरवर लावलेली गाडी रोज दोनशे पळाली तर वर्षाला साठ हजार. मग आठ वर्षांची डिझेल गाडी पंचावन्न हजार दाखवत असेल, तर ती एवढी कमी का चालली हे विकणाऱ्यानं पटवून द्यायला पाहिजे. डिझेल गाडी माणूस घेतोच मुळी जास्त चालवायला.

आता दुसरी बाजू. जास्त चाललेली गाडी म्हणजे संपलेली गाडी, हेही खरं नाही. शेतकऱ्याला हे सांगायला लागू नये, कारण आपण ट्रॅक्टर किलोमीटरवर मोजत नाही, तासावर मोजतो. रोटाव्हेटर मारताना ट्रॅक्टर दिवसभर रानातच फिरतो. अंतर बघितलं तर काहीच नाही, पण इंजिन आठ तास तापलेलं असतं. गाडीलाही तेच लागू करा. शहराच्या गर्दीत ताशी वीसच्या सरासरीनं एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन पाच हजार तास चाललं. हायवेवर ताशी साठच्या सरासरीनं एक लाख ऐंशी हजार चाललेल्या गाडीचं तीनच हजार तास. शहरातल्या गाडीचा क्लच, ब्रेक, गिअर सारखे वापरात असतात, ते वेगळंच. मला विचाराल तर सर्व्हिसचा कागद असलेली एक लाख ऐंशी हजारांची गाडी मी घेईन, कागद नसलेली सत्तर हजारांची घेणार नाही.

बैल घेताना आपण दात बघतो, पण दात बघून लगेच पैसे देत नाही. चालवून बघतो, जुंपून बघतो. गाडीचंही तसंच करा.

सगळ्यात आधी चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद काढा. तिथं तारखेनुसार रीडिंग सापडतं. २०१९ मध्ये नव्वद हजार आणि आज सत्तर हजार असेल तर पुढं बोलायचं कारणच नाही. मालक "बाहेर सर्व्हिसिंग केलं" म्हणाला तर बिलं मागा.

मग पायाकडं बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंगची कातडी चकाकतेय, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलीय आणि मीटर पन्नास हजार सांगतोय, तर मीटर खोटं बोलतोय. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीस-पस्तीस हजार चाललेल्या गाडीला कंपनीचेच टायर असायला हवेत. चारही बदललेले असतील तर का बदलले ते विचारा.

पुराचं पाणी बघायला विसरू नका. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. जुलै २०२३ मध्ये यमुनेचं पाणी दिल्लीतही शिरलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि गालिच्याखाली कुबट वास असेल तर गाडी सोडून द्या.

इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. आपण पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर थांबा, थंड होऊ द्या. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तिथं तो कधी बदलला त्याचं बिल बघा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मोठा खर्च उभा राहतो. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, आणि त्याची मजुरी तुम्ही द्या. एजंटनं दिली तर तो एजंटचा मिस्त्री झाला.

कागदाचं आता. एनओसी आणली म्हणजे गाडी आपली झाली, असा गैरसमज गावोगाव आहे. परराज्यातली गाडी इथं बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर एमएच नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी इथला रोड टॅक्स भरायचा. तो तुम्ही गाडी कितीला घेतली यावर नसतो, गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय यावर असतो. सौदा करायच्या आधी आरटीओत जाऊन तो आकडा काढा. वाहन पोर्टलवर गाडीवर बोजा आहे का, कितवा मालक आहे, चलन थकलीत का, हेही दिसतं. आणि गाडी नावावर झाल्यावर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

हे सगळं धरून वर्षाचा खर्च काढा. समजा दहा वर्षांची डिझेल गाडी तीन लाख चाळीस हजारांना मिळाली. टॅक्स, एजंट, आणायचा खर्च, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग धरून वर नव्वद हजार गेले. झाले चार लाख तीस हजार. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे पाच वर्षं राहिली. वर्षाला शहाऐंशी हजार, डिझेल वेगळं. हाच हिशोब तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाच्या एमएच गाडीचा मांडा. ती तीस-चाळीस हजार महाग असली तरी बऱ्याचदा तीच स्वस्त पडते, आणि ती कुणी कशी चालवली हे चार माणसांना विचारता येतं.

दवाखान्याला, बाजाराला, पोरांच्या शाळेला गाडी लागते. ती चैन नाही. पण कर्ज काढून घेतलेली गाडी महिन्याभरात गॅरेजला लागली तर हप्ता थांबत नाही आणि खताचे पैसे गाडीत जातात.

सरकारकडं माझी मागणी एकच आहे. दरवर्षी विमा काढताना गाडीचं रीडिंग नोंदवा आणि ते वाहन पोर्टलवर सगळ्यांना दिसू द्या. ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण "किती चाललीय?" विचारायचं सोडून "कागद दाखवा" म्हणायला शिकू. जास्त रीडिंग खरं सांगणाऱ्या माणसाला दोन पैसे जास्त द्यायची तयारीही ठेवू.

कुणी गाडी बघायला निघाला असाल तर हे त्याला वाचायला द्या.