शब्दांची भावकी

आमच्या वैरागच्या शिवारात एके वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला. डावण्याच्या भीतीने एका द्राक्षबागेत फवारणीची घाई उडाली. धन्याने खोलीतून बाटली आणून पंपाजवळ ठेवली. चहा घेऊन आलेल्या अकरावीतल्या लेकीने ती फिरवून पाहिली आणि म्हणाली, "आबा, थांबा! ही हर्बिसाईड आहे. तुम्हाला फंगीसाईड पाहिजे ना?"

तणनाशक होते ते! मराठी माहितीपत्रक केव्हाच हरवलेले. वर्षाची बाग हातची जायची.

मी तिला विचारले, "शब्द पाठ होता का गं?" तर म्हणे, "नाही काका. हर्ब म्हणजे झाडपाला, एवढंच ठाऊक होतं."

मंडळी, आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी बारावीची पोरे जाड पुस्तकातले शब्द रोज पन्नास-पन्नास घोकतात आणि आठवड्यात विसरतात. सुटा शब्द टिकत नाही. शब्दांनाही आपल्यासारखी भावकी असते. हे शेपटाचे 'साईड' लॅटिनमधून आले, अर्थ मारणारे. इन्सेक्टि म्हणजे कीड, फंगी म्हणजे बुरशी. मग परीक्षेत 'होमिसाईड' आले, तर मनुष्यहत्या हा अर्थ निम्मा तरी हाती लागतो. मात्र 'इनसाईड' या भावकीतले नव्हे. त्यातले साईड 'एस'ने लिहितात, हे 'सी'ने. स्पेलिंग बघूनच सोयरीक जुळवावी!

'कल्चर' म्हणजे मूळची मशागत. ॲग्रि शेत, हॉर्टि बाग, सेरि रेशीम, एपि मधमाशी. एका शब्दावर चार शब्द फुकट. बाटलीवर 'ॲन्टिडोट' असते, म्हणजे विषावरचा उतारा. ॲन्टि म्हणजे विरुद्ध. 'ॲन्टिसेप्टिक' त्याचाच भाऊ. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन', हेही शब्दच की. (आणि इंग्रजांचे 'मंगूस' आपल्या मुंगसावरूनच गेले आहे!)

त्या मुलीने आता वही घातली आहे. एका पानावर एक घराणे, प्रत्येक शब्दाचे स्वतःचे वाक्य. जेवताना आबा विचारतात, "आज कुणाची भावकी?" तणनाशक मात्र त्यांनी त्याच दिवशी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवले.