तीस मार खाँ आणि आमचा रविवार

मैत्रिणींनो, रविवारची दुपार मोकळी मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आठवडाभर आपण तिच्यावर डोळा ठेवून असतो, आणि ती उगवली की पाहुणे तरी येतात, नाहीतर गिरणीतून दळण तरी आणायचं असतं. परवा मात्र मी हट्टाला पेटले. सकाळीच पऱ्हाट्यांवर वांगी भाजून घेतली (गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, हे पुन्हा एकदा सांगते), कळण्याच्या भाकरी थापल्या, बाराच्या आत सगळ्यांची जेवणं उरकली आणि गल्लीतल्या चौघींना निरोप धाडला, "टीव्हीवर ‘तीस मार खाँ’ लागतोय. या!"

सिनेमा तसा जुना. २४ डिसेंबर २०१० ला लागला होता. तेव्हा त्यातल्या शीलाच्या गाण्यानं वरातींमध्ये काय धुमाकूळ घातला होता, आठवतं ना? पण मोताळ्याहून सिनेमाला निघायचं म्हणजे एकतर मलकापूर गाठा, नाहीतर राजूर घाट चढून बुलढाणा. त्यात मुलं लहान. तेव्हा राहिला तो राहूनच गेला. शिवाय नावं काय एकेक! अक्षय कुमार, अक्षय खन्ना, कतरिना कैफ; पोलीस कमिशनर झालेले आपले सचिन खेडेकर; दिग्दर्शन फराह खान यांचं. म्हटलं, पोट धरून हसायला मिळणार.

कसलं काय! अर्ध्या तासात एक जण पेंगायला लागली, दुसरीनं माझ्याकडून शेंगांचं सूप मागून घेतलं आणि टीव्हीकडे पाठ करून शेंगा फोडत बसली.

गोष्ट सांगते. हा तबरेझ नावाचा चोर. आई पोटुशी असताना चोरीमारीचे सिनेमे बघत होती, म्हणून पोरगा जन्माला आला तोच चोर. (गर्भसंस्काराची पुस्तकं वाचणाऱ्या माझ्या भाचीनं हे ऐकून पोटावरून हात फिरवला.) तर एकमेकांना चिकटून जन्मलेले दोन जोहरी बंधू त्याला काम देतात. ५०० कोटींच्या पुरातन वस्तू घेऊन आगगाडी निघणार आहे, ती लुटायची. हा काय करतो, तर सिनेमाचा दिग्दर्शक म्हणून एका खेड्यात जातो आणि अख्ख्या गावाला शूटिंग आहे असं सांगून गाडी लुटायलाच लावतो. गावाचं नाव धुलिया. आम्हाला अर्थातच खानदेशातलं धुळं आठवलं, पण त्याच्याशी ह्या गावाचा काही संबंध दिसेना.

कल्पना झकास आहे की नाही? गावानं आनंदानं चोरी करायची आणि गावालाच पत्ता नाही! इतकं आयतं पीठ मळून मिळालेलं असताना पोळी करपावी कशी, हाच मला प्रश्न पडला.

उत्तर मात्र आमच्या सासूबाईंनी दिलं. त्या मघापासून वाती वळत बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "काऊन वं, हा पोरगा चोरी काऊन करते? घरी खायले नाही का त्याच्या?"

मी म्हटलं, "नाही हो, तो जन्मापासूनच चोर आहे."

"मंग त्यात कायचं हसू?" म्हणाल्या, आणि पुन्हा वातींकडे वळल्या.

अगदी खरं! ज्याला कसली नड नाही, त्याच्या लबाडीची गंमत कशी वाटणार? ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आपण पाठ होईपर्यंत बघितला. तिथं साड्या नेसायची वेळ येते ती पुण्यात डोक्यावर छप्पर मिळेना म्हणून. भाड्याची खोली शोधून दमलेल्या कुणालाही ते पटतं, आणि पटतं म्हणून हसू येतं.

‘तीस मार खाँ’ हा १९६६ च्या ‘आफ्टर द फॉक्स’ या सिनेमावरून बेतलेला आहे. आमच्या धाकट्यानं तो मोबाइलवर शोधून दाखवला. बोलणं निम्मं डोक्यावरून गेलं, पण गोष्ट कळली. दिग्दर्शक व्हित्तोरियो द सिका, ‘बायसिकल थीव्ज’वाले. त्यातला चोर पीटर सेलर्स. पण हा चोर तुरुंगातून पळतो कशासाठी? तर धाकटी बहीण हाताबाहेर चालली आहे, ह्या काळजीनं! घरी आई आहे, बहिणीला नटी व्हायचंय, आणि वय लपवून हिरो म्हणून मिरवणारा एक उतारवयातला नट त्याच्या गळाला लागतो. प्रत्येकाला काहीतरी हवंय. हिंदीत आईही आहे आणि हिरोही आहे, पण हवं असण्याचा भागच गाळून टाकलाय. त्या ऐवजी आरडाओरडा भरलाय.

एक अपवाद सांगितला पाहिजे. ऑस्करसाठी झुरणारा नट झालेला अक्षय खन्ना. तो पडद्यावर आला की आमच्यातली पेंगणारीसुद्धा जागी व्हायची. त्या वेड्याला काहीतरी हवं होतं ना!

आता एक गुपित सांगते. फसवणारा माणूस कसा असतो, ते मी स्वतः बघितलंय. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक गृहस्थ आले होते. अर्ध्या किमतीत कुकर नि मिक्सर, फक्त नाव नोंदवायला ५०० रुपये. काय गोड बोलणं! माझ्या चहाची तारीफ केली, शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरतंय हे दोन मिनिटांत काढून घेतलं आणि तिला म्हणाले, "ताई, रुखवतात शोभेल असा सेट देतो." माझ्या कुकरची शिटी तेव्हा महिनाभर रुसलेली होती. तेही त्यांनी बरोबर हेरलं. आम्ही अकरा जणींनी पैसे दिले. गृहस्थ गेले ते गेलेच. आमच्या ह्यांना अजून माहीत नाही. आता हे वाचून कळेल.

तेव्हा रडू आलं, आता आठवलं की हसू येतं. त्या माणसाला आमची प्रत्येकीची नड नावानिशी ठाऊक होती. ह्या सिनेमातल्या तबरेझला धुलियातल्या एका बाईचं तरी नाव माहीत असेल का? गाव म्हणजे नुसता घोळका! कुणाला पडद्यावर दिसायचंय, कुणाच्या नवऱ्याला ते खपणार नाही, कुणी नवी साडी उसनी आणलीये, असलं काही म्हणून नाही. नऊवारीतल्या दोन बायका जरी शूटिंगच्या जागेवरून भांडल्या असत्या, तरी मी सगळं माफ केलं असतं.

आणि सचिन खेडेकर! जो माणूस ‘नेताजी सुभाषचंद्र बोस’मध्ये नेताजी म्हणून उभा राहिला, ज्यानं आदल्याच वर्षी, २००९ मध्ये, ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये दिनकर भोसले होऊन आपल्याला डोळे पुसायला लावले, त्याला इथं खडक सिंग असं नाव देऊन नुसता मोकळा सोडलाय. विजय मौर्यही आहेत, पुढे ‘गली बॉय’चे संवाद लिहिणारे. ते चोराच्या हाताखाली सोडा नावाचा माणूस आहेत. चांदीच्या ताटवाट्या काढायच्या नि त्यात कालची खिचडी वाढायची, तशातली गत.

काहीजणी म्हणतील, विनोदी सिनेमात सगळ्यांना काम कसं पुरणार? पुरतं हो! कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) बघा. चोरी, खून, लाचखोरी, सगळं त्यात आहे. धंदा चालेना म्हणून रडकुंडीला आलेले दोन फोटोग्राफर, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी; आणि त्यांना गोड बोलून वापरून घेणारी संपादिका कोण, तर आपल्या ‘ती फुलराणी’च्या भक्ती बर्वे. सतीश शाह तर त्यात बराच वेळ प्रेत होऊन फिरतात. त्या मेलेल्या माणसाच्या वाट्याला जेवढं काम आलंय, तेवढं इथं जित्याजागत्या खेडेकरांना मिळालेलं नाही.

सिनेमा संपला तेव्हा पावणेचार झाले होते, जाहिरातींसकट. भाची झोपली होती. शेंगा मात्र सगळ्या फोडून झाल्या होत्या, दोन किलो तरी दाणे निघाले असतील. त्यातले निम्मे भाजून कूट करून ठेवलंय, उरलेल्यांची चटणी होईल.

पुढच्या रविवारी ‘जाने भी दो यारों’ लावायचं ठरलंय. सासूबाईंनी आधीच विचारून ठेवलंय, "त्यातले पोरं तरी गरजवंत हायेत ना?" मी हो म्हटलंय.