योसेफाचे स्वप्न, मरीयेचा होकार

नाताळाच्या रात्री गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी गॅलऱ्यांवर कागदी तारे झुलू लागतात, दादरच्या पोर्तुगीज चर्चकडे कुटुंबेच्या कुटुंबे मिस्सेसाठी निघतात, आणि लालबाग-परळच्या खोल्यांतून राहणारी, मूळची नगर जिल्ह्याकडील ख्रिस्ती घराणी मराठी उपासनेहून परतताना पुढील वर्षाच्या गोष्टी बोलू लागतात. वर्षअखेरीचा सण म्हणून असेल, पण या दिवसांत घराघरांतून निर्णयांची चर्चा फार होते. मुलीचे लग्न, मुलाची परदेशातील नोकरी, पुनर्विकासात जाणारी चाळीतील खोली, म्हाताऱ्या माणसांची सोय. आणि त्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आम्ही प्रार्थना केली आणि देवाने मार्ग दाखविला.’

हे वाक्य आम्हीही कैक वेळा उच्चारले आहे. त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्याचा देवावर विश्वास आहे त्याने जीवनातील वळणावर देवाला विचारू नये, तर मग विचारावे तरी कोणाला? परंतु गेल्या नाताळात परळच्या एका परिचित घरी हे वाक्य आमच्या देखत उच्चारले गेले आणि त्याला जे उत्तर मिळाले, ते अद्याप आमच्या मनातून जात नाही.

घरातील थोरल्या मुलास कॅनडात नोकरी मिळत होती. आई ऐंशीच्या घरातली, गुडघ्यांनी अधू. धाकटी बहीण कल्याणला राहते व तेथेच शाळेत शिकविते. फराळाची ताटे पुढे असताना भावाने शांतपणे सांगितले की, तीन महिने आपण प्रार्थना करीत आहोत. आपण जावे आणि आईला बहिणीने नेऊन ठेवावे, असा देवाचा स्पष्ट संकेत मिळाला आहे. क्षणभर कोणी बोलेना. मग बहीण म्हणाली, “दादा, तुला देवाने सांगितलं ना? मग मलाही सांगेपर्यंत जरा थांब.”

तिच्या स्वरात राग नव्हता, उपरोध तर नव्हताच. भाऊ मात्र गोरामोरा झाला. घरी परतल्यावर आम्ही मत्तय आणि लूक यांची पहिली पाने पुन्हा उघडली, आणि आजवर वर्षानुवर्षे ऐकलेली कथा प्रथमच नीट दिसली.

गब्रीएल दूताने मरीयेला संदेश दिला, तो लूकने सांगितला. योसेफाला स्वप्नात जे कळले, ते मत्तयाने सांगितले. दोन शुभवर्तमानांत दोन निरोप आहेत, आणि ते दोन माणसांना वेगवेगळे मिळाले आहेत. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाहता देवाने योसेफालाच आधी सांगावयास हवे होते. तो भावी पती, घरचा कर्ता. त्याने मरीयेला आज्ञा केली असती आणि काम भागले असते. तसे घडले नाही. प्रथम मरीयेला विचारले गेले. तिने शंका विचारली, मग होकार दिला. आणि मरीयेला मिळालेला निरोप योसेफाने मुकाट्याने मान्य करावा, अशीही अपेक्षा देवाने केली नाही. त्याच्यासाठी वेगळा दूत आला. दोघांच्या मधल्या काळात योसेफ किती अस्वस्थ असेल! तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप संबंध सोडावा, असा त्याचा विचार चालला होता. म्हणजे स्वप्न पडले ते विचार करणाऱ्या, दुसऱ्याच्या अब्रूची काळजी वाहणाऱ्या माणसाला. विचार टाकून देऊन जो स्वस्थ बसला आहे त्याला ते पडलेले नाही.

पुढेही योसेफाला जे कळत गेले ते एकेका पावलापुरते. मूल आणि आई यांना घेऊन मिसर देशात जा. पुन्हा सांगेपर्यंत तेथे राहा. हेरोद मेल्यावर परत निघाला, तर यहूदीयात हेरोदाचाच मुलगा राज्य करतो आहे ही बातमी ऐकून तो भ्याला, आणि त्या भयातच पुन्हा स्वप्न पडून गालीलाकडे वळला. बातमी, भीती आणि स्वप्न ही तिन्ही त्या निर्णयात आहेत. आपल्याकडे मात्र पुढील वीस वर्षांचा नकाशा एका प्रार्थनेत मिळावा, अशी पुष्कळांची समजूत दिसते.

या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजाला फार दूर जावयास नको. १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने लावलेले वेड आणि त्यानंतरचा प्रदीर्घ मनःसंघर्ष, हे सारे सर्वश्रुत आहे. टिळकांच्या पाचारणाबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु लक्ष्मीबाई त्या वेळी मुंबईत नव्हत्या आणि हे त्यांच्या संमतीने घडले नाही, हेही तितकेच खरे. देवाची हाक एकाला आली. तिची किंमत दुसऱ्या माणसाने भरली. पती हयात असताना पतीविना, पदरी लहान मूल घेऊन, नातलगांच्या आश्रयाने त्या बाईंनी काढलेली वर्षे ‘स्मृतिचित्रे’त आहेत. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकातील विनोदाचे कौतुक आपण सर्वच करतो, पण तो विनोद कशावर पांघरला आहे, हे नाताळच्या दिवसांत तरी ख्रिस्ती वाचकाने पाहावे.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि ती लहान नाही. पुढे नगरास लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले, आणि टिळकांनी ते मोडावयास लावले नाही. आपल्याला दिसले ते हिलाही दिसलेच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. आणि मग लक्ष्मीबाईंचा प्रकाश त्यांच्या स्वतःच्या वाटेने आला. जाती देवाने केल्या की माणसाने, हा साधा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. जन्म, मरण, देह, भूक यांत देवाने ब्राह्मणासाठी निराळे काही केलेले त्यांना दिसेना. तेथे दूत नव्हता, स्वप्न नव्हते. एका सरळ बुद्धीच्या बाईने केलेला सरळ विचार होता. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्याला पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांना आम्ही उशीर म्हणणार नाही. पुढे टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात त्याच लक्ष्मीबाईंनी पुरे केले. हुकुमाने ख्रिस्ती झालेल्या बाईच्या हातून ते झाले असते, असे आम्हांस वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. त्यापूर्वी सहा वर्षे, इंग्लंडात वाँटेज येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि तेथील सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्मगुरू-माता झाल्या होत्या. देव काय सांगतो हे चर्चच्या अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावे, अशी सिस्टरांची अपेक्षा. तर भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, आता दुसरे चढविणार नाही, असा रमाबाईंचा बाणा. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तर त्या कमालीच्या संतापल्या. राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला हा पत्रव्यवहार वाचताना कोणालाही दिसेल की, रमाबाई देवाला जेवढ्या शरण होत्या तेवढ्या देवाच्या प्रवक्त्यांना नव्हत्या. पुढे १८९३ मध्ये, सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात यावरून वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. दार उघडे होते, सक्ती नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे आम्हांस खरे वाटते. पण आश्रयास आलेल्या कोवळ्या मुलीला उघडे दार हेही बोलावणेच वाटत नसेल काय, हा विरोधकांचा प्रश्नही रास्त होता, असे आमचे मत आहे.

गिरगाव-परळात कोकणातून आलेल्या कुटुंबांना ‘कौल लावणे’ ही गोष्ट परकी नाही. देवाच्या अंगावर कळ्या लावायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आपल्या ख्रिस्ती बांधवांना हे सांगितले तर ते हसतात. परंतु डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडणे आणि बोट पडेल त्या वचनावरून घराचा सौदा करणे, हे त्याहून निराळे कसे? कौल लावणारा निदान चारचौघांसमक्ष लावतो. मिटल्या डोळ्यांआड पडलेला कौल ज्याच्या त्यालाच ठाऊक, आणि तो बहुधा सोयीचा पडतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्समुळे मुंबईकरांना परिचित असलेल्या जेजुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात यावर एक अस्सल व्यवहारी उपाय सांगितला आहे : अशाच पेचात सापडलेला कोणी अनोळखी माणूस तुमच्याकडे आला, तर त्याला तुम्ही काय सल्ला द्याल ते पाहा, आणि तोच स्वतः पाळा. मन खचलेले असताना आधीचा निर्णय फिरवू नये, असेही त्यांचे सांगणे आहे. आम्ही प्रॉटेस्टंट वळणात वाढलो, तरी हा सल्ला आम्हांस अनेकदा उपयोगी पडला आहे.

परळच्या त्या घरी भावाने बहिणीचे ऐकले. त्याने उत्तरासाठी मुदत मागून घेतली. बहिणीनेही सांगितल्याप्रमाणे प्रार्थना केली. देवाने आपल्याला काय सांगितले ते तिने अजून कोणाला सांगितलेले नाही. परवा आम्ही पुन्हा गेलो होतो. तीच ताटे, त्याच करंज्या, आणि दोघे भावंडे एकमेकांशी पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळेपणाने बोलत होती. कल्याणची जागा लहान, दादाची मुदत संपत आलेली, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च, असे एकेक निघत होते. तास-दीड तास झाला. निघताना चपला घालता घालता आमची नजर आत गेली. म्हातारी ओट्याला टेकून उभी होती आणि डब्याचे झाकण लावीत होती. तिला कोठे राहावयाचे आहे, हे त्या वर्षभरात कोणी विचारल्याचे बोलण्यात आले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. आम्ही चपला काढल्या आणि पुन्हा आत गेलो.