हनुवटी, स्वभाव आणि आपली विशेषणे

मराठी साहित्यव्यवहारात चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेचा विषय निघाला की एक ठरावीक हसू उमटते. कोणी हनुवटी पुढे आणून घेतली असे कळले, की चंगळवाद, बाजार आणि जागतिकीकरण हे तीन शब्द लगोलग हजर होतात आणि चर्चा संपते. या उपहासाला आमचा विरोध आहे. तो अज्ञानातून येतो हे पहिले कारण. आणि ज्या लाजेला तो हसतो, ती लाज घडवण्यात साहित्याचाच मोठा वाटा आहे, हे दुसरे.

आधी अज्ञानाविषयी. हनुवटी मागे गेलेली दिसते, त्यामागे एकच कारण नसते. कधी खालचा जबडा पुरेसा लांब असतो, वरखालचे दात नीट जुळतात, केवळ हनुवटीचे टोक आखूड असते. तेथे सिलिकॉनसारख्या पदार्थाचे रोपण करता येते. किंवा हनुवटीचे हाड आडवे कापून, पुढे सरकवून, टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूंनी बसवता येते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला जिनिओप्लास्टी म्हणतात. होफर यांनी ती १९४२ साली मांडली; ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ साली ती तोंडाच्या आतून करण्याची रीत दाखवली. फिलरचे इंजेक्शन हा तिसरा मार्ग. त्याचा परिणाम कालांतराने विरतो. खालच्या ओठाला बधिरता येणे, जंतुसंसर्ग होणे, रोपण जागचे हलणे हे धोके या शस्त्रक्रियांत असतातच.

परंतु जबडाच आखूड असेल आणि दात जुळत नसतील, तर केवळ टोक पुढे आणून भागत नाही. जबड्याचे हाड दोन्ही बाजूंनी कापून सगळा जबडा पुढे आणावा लागतो, बहुधा दातांना तारा लावण्याचा दीर्घ उपचारही करावा लागतो. लहानपणी हनुवटीवर आपटल्याने किंवा कानातील संसर्ग पसरल्याने जबड्याचा सांधा जखडला, तर तोंड उघडेनासे होते, वाढ खुंटते आणि हनुवटी गळ्याकडे ओढल्यासारखी राहते. अशा मुलाला घास घेणे कठीण असते. झोपेत श्वासही अडतो. काही नवजात बालकांत जबडा इतका लहान असतो, की जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होऊ लागतो. त्यांतील गंभीर अवस्थेत हाड कापून ते यंत्राच्या साहाय्याने दररोज एखाद्या मिलिमीटरने ताणत नेतात आणि मधल्या फटीत नवे हाड तयार होते. या सर्वांना ‘हनुवटीची शस्त्रक्रिया’ या एकाच नावाखाली हसणारा समीक्षक कथा न वाचताच तिचे परीक्षण लिहीत असतो.

‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ हा आक्षेपही टिकत नाही. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानावर १७९३ च्या सुमारास पुण्यात शस्त्रक्रिया झाली. कपाळावरची कातडी वळवून एका मराठी कारागिराने त्याचे नाक पुन्हा घडवले. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिच्या आधारे कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. चेहरा सावरण्याची ही विद्या इथून तिकडे गेली होती.

तिकडून आली ती वेगळीच गोष्ट: चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याचा शास्त्राभास. लावाटर या स्विस धर्मोपदेशकाने १७७५ पासून त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्याच्या प्रभावाखालील कप्तान फिट्झरॉय याला डार्विनच्या नाकावरून त्याच्या चिकाटीविषयी शंका आली आणि ‘बीगल’ची सफर डार्विनच्या हातून जाता जाता राहिली. इंग्रजी कादंबरीने हे शास्त्र पचवले: कणखर नायकाला भरीव हनुवटी, भेकड पुरुषाला मागे गेलेली. शास्त्र मोडीत निघाले. संकेत मात्र राहिला, आणि अनुवादांच्या व रहस्यकथांच्या वाटेने मराठीतही आला.

मराठीची स्वतःची हनुवटी निराळी आहे. आपण अब्रू नाकात ठेवली, नशीब कपाळात ठेवले. हनुवटीला मात्र माया दिली. रुसलेल्याची समजूत हनुवटीला हात लावून काढतात. आपल्याकडच्या बायकांनी हनुवटीवर गोंदून घेतले. निर्धार मोजण्याचे माप म्हणून आपण हनुवटीकडे पाहिले नव्हते. उलट, आम्ही वणीत राहणाऱ्यांना हा दाखला आमच्याच जिल्ह्यात मिळतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर वाटेवरील अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते. ‘हनु’ म्हणजे जबडा. इंद्राच्या वज्राने तो भंगला म्हणून हनुमान हे नाव पडले, असे रामायण सांगते. भंगलेल्या जबड्याचे नाव ज्या परंपरेत बळाचे नाव झाले, त्या परंपरेतल्या लेखकाने मागे गेलेल्या हनुवटीला ‘दुबळी’ म्हणावे, ही उसनवारी आहे.

आज हेच विशेषण जाहिरातीत शिरले आहे. ‘दोष’, ‘सुधारणा’, ‘आत्मविश्वास’ या शब्दांची तेथे जी साखळी दिसते, ती मुळात पात्रचित्रणाची आहे. श्वास अडत असेल तर तो विकार. दात जुळत नसतील तर ती अडचण. नुसते टोक आखूड असेल तर ती ठेवण. ती बदलून घ्यायची की नाही, हा त्या प्रौढ व्यक्तीचा निर्णय आहे. तो तिने धोके समजून घेऊन करावा आणि आपण तो निमूट मान्य करावा. परंतु ठेवणीला दोष म्हणण्याचा अधिकार दवाखान्याला नाही, आणि कथाकारालाही नाही.

म्हणून वर्गात ‘व्यक्तिचित्रण’ शिकवताना एवढे तरी व्हावे: उतारा समोर आला, की या हनुवटीचा या स्वभावाशी संबंध काय, हे विद्यार्थ्यांना विचारावे. बाकावर बसलेल्यांपैकी एखाद्याची हनुवटी तशीच असते. त्याचा स्वभाव पाठ्यपुस्तकाने आधीच ठरवून टाकलेला असतो आणि तो मान खाली घालून ते वाचत असतो. त्याने पुढे कधी शस्त्रक्रिया करून घेतली, तर त्याला हसण्याआधी तो उतारा आपण कसा शिकवला होता ते आठवावे.