आकड्याला भिऊ नका, लक्षणे ओळखा

डेंग्यूच्या साथीत 'प्लेटलेट किती?' हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. या प्लेटलेट म्हणजेच रक्तबिंबिका. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे १,५०,००० ते ४,५०,००० असतात. अस्थिमज्जेत तयार होऊन त्या आठ-दहा दिवस जगतात. रक्तवाहिनीला जखम झाली की तेथे चिकटून रक्तस्राव थांबवतात.

काही मुलांत मात्र साध्या सर्दी-तापानंतर त्या एकाएकी २०,००० च्याही खाली येतात. अंगावर बारीक लाल ठिपके आणि निळे-जांभळे डाग उठतात. या विकाराला आयटीपी म्हणतात.

असे का होते? १९५० साली अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी अशा रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्यांच्या रक्तबिंबिका झपाट्याने घटल्या! पुढे उलगडा झाला, की शरीराचीच प्रतिपिंडे रक्तबिंबिकांना परके समजून चिकटतात आणि मग प्लीहेत त्यांचा नाश होतो.

म्हणजे हा रोग संसर्गजन्य नाही. मग अशा मुलाशेजारी बसायला का कचरावे? त्याला महिनोन्‌महिने घरी तरी का बसवावे? बहुतेक मुले सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. दुसरा एखादा रोग नाही ना, हे डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे. पण केवळ त्वचेवर डाग असतील, तर पुष्कळदा ते औषध न देता नुसते लक्ष ठेवतात. 'आकडा वाढवा' असा हट्ट पालकांनी धरू नये. स्टेरॉइडसारख्या औषधांचेही दुष्परिणाम असतातच.

माझे मत असे, की या मुलाची जागा वर्गातच आहे. मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत कबड्डी, कुस्ती असे धक्काबुक्कीचे खेळ नकोत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. त्यांनी रक्तबिंबिकांचे काम मंदावते.

शिक्षकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाकातले रक्त थांबत नसेल, लघवीतून वा शौचातून रक्त जात असेल, मुलीला पाळीत अतिशय रक्तस्राव होत असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा एकाएकी तीव्र डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या, तर घरून कोणी येण्याची वाट न पाहता तिला किंवा त्याला रुग्णालयात न्यावे.

दया दाखवून मुलाला कोपऱ्यात बसवणे सोपे असते. त्याचा विकार समजून घेऊन त्याला आपल्यात ठेवणे, हेच खरे विज्ञानाचे शिक्षण नव्हे काय?