वहिनींचा मोर

आमच्या वहिनींनी गेल्या दिवाळीला फराळाचा धंदा काढला आणि त्याचे बोधचिन्ह काढण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली. मी संगणकावर झोकदार मोर काढला, ‘जेपेग’ करून ठेवला आणि उगाच अडगळ नको म्हणून मूळ फाईल पुसून टाकली!

खोक्यावर मोर बरा दिसला. पण सहा फुटी पाटीवर चढला तेव्हा त्याच्या पिसाऱ्याचे ठोकळे झाले. शिवाय लाल पाटीवर त्याच्याभोवती पांढरा चौकोन; मोर पंचा वाळत घालून बसल्यासारखा! वहिनी काही बोलल्या नाहीत. पाटीचे पैसे त्यांच्या पहिल्या कमाईतले होते.

शेवटी पुतण्याने माझी शिकवणी घेतली. “काका, १९९२ सालचे जेपेग फोटोंसाठी. जागा वाचवायला ते बारकावे गाळते. गाळलेले परत येत नाहीत. पारदर्शक पार्श्वभूमीही त्यात राहत नाही. १९९६ च्या पीएनजीत ती राहते, गळतही काही नाही. पण तीही रंगीत चौकोनांचीच, फार ताणली की बिघडते. २००१ चे एसव्हीजी रेघ कुठून कुठे वळते, तेवढेच लिहून ठेवते. चित्र केवढेही करा, रेघ स्वच्छ!”

“म्हणजे माझी रांगोळीची वहीच की!” वहिनी म्हणाल्या. “रांगोळी पुसली तरी वही जपायची असते, भावजी.”

मोर मी पुन्हा काढला. मूळ एसव्हीजी दोन ठिकाणी जपले, मोबाईलसाठी पीएनजी केले. नवी पाटी अर्थातच माझ्या खर्चाने!