नाटोची वर्गणी आणि नागपूरची तैनाती फौज



नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन निकाल लागले. आधी अमेरिकेचा, डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले. मग २३ तारखेला आपल्या विधानसभेचा. आपल्याकडे चर्चा अर्थातच दुसऱ्याची झाली. गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव, चारही जागा महायुतीला गेल्या आणि पानटपरीवर दुसरा विषय नव्हता. पण पहिल्या निकालाने एक जुना वाद पुन्हा पेटवला. तो वर्गात आणावा, असं माझं म्हणणं आहे. आठवीच्या इतिहासातला ‘तैनाती फौज’ हा शब्द मुलं दोन मार्कांसाठी पाठ करतात, तो या वादामुळे खरोखर समजू शकतो.

वाद आहे नाटोच्या खर्चाचा. १९४९ मध्ये १२ देशांनी करार केला, आज त्यात ३२ देश आहेत. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे त्याचं मुख्य कलम. ते आजवर एकदाच लागू झालं, २००१ साली, आणि तेही अमेरिकेवर हल्ला झाला म्हणून. ट्रम्प यांची तक्रार अशी की युरोपवाले आमच्या जिवावर सुरक्षित राहतात आणि खर्च करत नाहीत. २०२४ च्या प्रचारात तर त्यांनी पैसे न देणाऱ्या देशांचं रक्षण करणार नाही, असंही सांगून टाकलं.

तक्रार अगदीच खोटी नाही. २०१४ मध्ये, ओबामांच्या काळात, सगळ्या सदस्यांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करायचं ठरवलं. त्या वर्षी ही रेघ गाठणारे देश होते फक्त तीन. जर्मनीसारखा श्रीमंत देशही कित्येक वर्षं मागे होता. २०२४ पर्यंत हा आकडा विसाच्या वर गेला, पण त्यात रशियाने युक्रेनवर केलेल्या हल्ल्याचा धाक मोठा होता. जून २०२५ मध्ये, आपल्या विदर्भातल्या शाळा उघडत होत्या त्याच आठवड्यात, हेग शहरात नाटोची बैठक झाली आणि २०३५ पर्यंत ५ टक्के करायचं ठरलं. त्यातले साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यावर आणि दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा वगैरेंवर. स्पेनने तिथेच हात वर केले, आम्हाला एवढं जमणार नाही म्हणून.

इथे मुलांचा (आणि मोठ्यांचाही) एक घोळ होतो. टीव्हीवर ‘नाटोचं बिल थकलं’ असं ऐकू येतं, त्यामुळे ही गणपतीच्या वर्गणीसारखी भानगड वाटते. तसं नाही. नाटोची सामाईक तिजोरी आहे, पण लहान आहे. तिच्यात अमेरिका आणि जर्मनी जवळपास सारखाच वाटा देतात, २०२४ मध्ये तो प्रत्येकी सुमारे १६ टक्के होता. २ टक्क्यांचा वाद त्या तिजोरीचा नाहीच. तो पैसा प्रत्येक देशाने स्वतःच्या सैन्यावर, स्वतःच्या घरात खर्च करायचा आहे. आपल्या मुलांना हे धानाच्या बांधीवरून लगेच कळतं. धुरा ज्याचा त्याने बांधायचा. पण एकाचा धुरा फुटला की पाणी शेजाऱ्याच्या बांधीत शिरतं, म्हणून शेजारी ओरडतो. ओरडायचा त्याला हक्क आहे. मात्र ‘तू माझे पैसे बुडवलेस’ असं तो म्हणू शकत नाही.

आता आपल्या इतिहासाकडे या. १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्लीने तैनाती फौजेची पद्धत जोरात सुरू केली, पहिला सापडला हैदराबादचा निजाम. इंग्रजांचं सैन्य तुमच्या राज्यात राहील, खर्च तुमचा, आणि दुसऱ्या राज्याशी बोलणी करायची तर आमच्या मार्फत. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. मुलं इथवर पाठ करतात आणि थांबतात. पुढची गोष्ट आपल्या घरची आहे, ती मात्र राहून जाते.

आपला हा भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. दुसऱ्या रघूजींनी तैनाती फौज शेवटपर्यंत घेतली नाही. १८०३ च्या युद्धात कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गमावला, तरी घेतली नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. गादीवर आलेले परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हते, दरबारात दोन तट पडले, आणि कारभार आपल्या हाती राहावा म्हणून आप्पासाहेबांनी मे महिन्यात, म्हणजे दोनच महिन्यांत, सही केली. वर्षाला साडेसात लाख रुपये. दीड वर्षाने, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेबांचं सैन्य लढलं ते ज्या इंग्रज फौजेचा खर्च नागपूर उचलत होतं तिच्याशीच. ते हरले. १८१८ मध्ये आपल्या गोंदिया तालुक्यातल्या कामठ्याच्या चिमणा पटेलांनी उठाव केला, तोही इंग्रज फौजेने मोडला. आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाशिवाय गेले, तेव्हा डलहौसीने राज्यच खालसा केलं.

मग नाटो म्हणजे आधुनिक तैनाती फौज का? असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात आणि वाचायला झकास वाटतात. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण त्याला एक शेपूट आहे. पोलंडचं सैन्य पोलंडच्या सरकारच्या हुकुमात आहे. स्पेन ‘जमणार नाही’ म्हणाला, तरी माद्रिदवर कोणी तोफा लावल्या नाहीत. सभासद व्हायचं की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. फिनलंड आणि स्वीडन तर इतकी वर्षं बाहेर राहून आत्ता २०२३ आणि २०२४ मध्ये आत आले. साडेसात लाख ठरवताना कामठ्याच्या किंवा आमगावच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं? ५ टक्क्यांवर मात्र तिथल्या संसदा भांडत आहेत, आणि तिथला मतदार पुढच्या निवडणुकीत सरकार पाडू शकतो.

शेपूट असं, की ‘पैसे दिले तरच रक्षण’ ही भाषा सुरू झाली की मैत्रीचा करार पगारी पहारेकऱ्याच्या कराराकडे सरकू लागतो. पहारेकऱ्याला घराशी देणंघेणं नसतं, पगाराशी असतं. २००१ नंतर डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाचे सैनिक अफगाणिस्तानात मेले, ते टक्केवारीच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? शिवाय अमेरिकेतल्या निकालाने जर्मन शिक्षकाच्या करातले पैसे कुठे जाणार हे ठरायला लागलं, आणि त्या निवडणुकीत त्याला मत नव्हतं. ट्रम्प यांची तक्रार निम्मी रास्त मानूनही मला ही गोष्ट खटकते.

वर्गात एक तास पुरतो. फळ्यावर दोन रकाने करा, ‘नागपूर १८१६’ आणि ‘नाटो २०२५’. चारच प्रश्न विचारा. सैन्य कोणाचं? खर्च कोणाचा? हुकूम कोणाचा? नाही म्हणता येतं का? उत्तरं मुलांनाच भरू द्या, आपण खडू धरायचा. पालकहो, घरी जेवताना शेवटचा प्रश्न तेवढा विचारून पाहा. आणि कामठा ज्यांना जवळ आहे त्यांनी मुलांना एखाद्या रविवारी तिथे नेऊन चिमणा पटेलांची गोष्ट सांगावी. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, तरी सांगावी.